कॅमेऱ्यावरचा लाल ठिपका लेझर नाही

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या वाचकपत्रांत गेल्या आठवड्यात खाडीकाठच्या छायाचित्रकारांविषयी एक पत्र आले आहे. फ्लेमिंगोंवर ‘लेझरचा नेम’ धरणारे कॅमेरे ऐरोली-नेरूळ भागात दिसू लागले आहेत, हे लेझर पक्ष्यांच्या डोळ्यांवर पडतात, म्हणून असे कॅमेरे जप्त करावेत, अशी मागणी त्यात केली आहे. पत्रलेखकाची तळमळ खरी आहे. पक्ष्यांवर लेझर मारू नये, हे त्यांचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. पण त्यांनी जे पाहिले ते लेझर नव्हते. कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवलेली छोटी उभी काच, तिच्यात चमकणारा लाल ठिपका आणि कॅमेऱ्याला डोळा न चिकटवता जरा मागून बघणारा माणूस, हे त्यांनी केलेले वर्णन तंतोतंत डॉट साइटचे, म्हणजे लाल ठिपका दाखवून नेम धरायला मदत करणाऱ्या छोट्या साधनाचे आहे. मी स्वतः डॉट साइट वापरते. तिच्यातून पक्ष्यावर प्रकाशाची शलाका जात नाही. हे कुणीतरी छापील स्वरूपात सांगायला हवे, म्हणून हे पत्र. ते लांबले तर कृपया कापू नये, कारण अर्धवट माहितीतूनच हा घोळ झाला आहे.

ठाण्यातील एका महाविद्यालयात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून माझी नोकरी झाली. निवृत्तीनंतर ऐरोलीत राहते आणि पक्ष्यांचे फोटो काढते. त्यामुळे या उपकरणाच्या दोन्ही बाजू, आतली आणि बाहेरची, मला माहीत आहेत.

आधी आतली. लेझर पॉइंटरमध्ये प्रकाशाची बारीक शलाका उपकरणातून निघून समोरच्या वस्तूवर जाऊन आदळते आणि आपल्याला दिसतो तो त्या वस्तूवर पडलेला ठिपका. डॉट साइटमध्ये प्रकाशाचा प्रवास नेमका उलट दिशेने आहे. साइटच्या मागच्या भागात एक बारीक एलईडी असतो. त्याचा लाल प्रकाश समोरच्या किंचित वक्र काचेवर पडतो. या काचेवर असा पातळ लेप दिलेला असतो की लाल प्रकाश परतून बघणाऱ्याच्या डोळ्याकडे येतो आणि समोरच्या दृश्याचा बाकीचा उजेड काचेतून सरळ आरपार येतो. एलईडी त्या वक्र काचेच्या नाभीवर बसवलेला असतो. म्हणून परतणारे किरण एकमेकांना समांतर होतात, आणि समांतर किरण डोळ्याला फार दूरवरून आल्यासारखे वाटतात. परिणामी ठिपका काचेवर चिकटलेला दिसत नाही, तो लांब पक्ष्यापाशी तरंगताना दिसतो. डोळा थोडा डावी-उजवीकडे सरकला तरी लांबच्या लक्ष्यावरचा ठिपका ढळत नाही.

ज्यांनी बी.एस्सी.ला स्पेक्ट्रोमीटरचा प्रयोग केला असेल त्यांना त्यातला कॉलिमेटर आठवेल. फट भिंगाच्या नाभीवर आणली की पलीकडून समांतर किरण मिळतात. वर्षानुवर्षे मी मुलांना तो कॉलिमेटर लावून देत आले. डॉट साइट म्हणजे तेच तत्त्व, फक्त भिंगाच्या जागी परावर्तन करणारी काच. तिच्यात गूढ काही नाही, धोकादायकही काही नाही.

या तत्त्वावरची साइट आयर्लंडचे दुर्बीणकार हॉवर्ड ग्रब यांनी १९०० साली मांडली. पुढे ती लढाऊ विमानांत गेली. एलईडीचा लाल ठिपका दाखवणारी साइट १९७५च्या सुमारास स्वीडनमध्ये बंदुकीसाठी तयार झाली. तिचा बंदुकीशी असलेला हा संबंध मी नाकारत नाही. लोक बिचकतात ते त्यामुळेच. पण ती आज फक्त बंदुकीवर नाही. वांगणीला आकाशदर्शनाला गेलेल्यांनी दुर्बिणीच्या नळीवर अशीच लाल ठिपक्याची छोटी काच पाहिली असेल. मोठ्या दुर्बिणीतून आकाशाचा इवलासा तुकडा दिसतो, म्हणून आधी ठिपका ताऱ्यावर आणायचा आणि मग दुर्बिणीत डोळा घालायचा. गुरूचे चंद्र पाहायला रांगेत उभ्या असलेल्या मुलांना त्या ठिपक्याची भीती वाटल्याचे मी कधी पाहिले नाही. कॅमेरा कंपन्यांनीही हे कधीचे स्वीकारले आहे. ऑलिंपसने २०१४ मध्ये डॉट साइट अंगातच बसवलेला एसपी-१०० कॅमेरा आणला आणि २०१५ मध्ये कोणत्याही कॅमेऱ्याच्या हॉट-शूवर, म्हणजे डोक्यावरच्या फ्लॅश बसवायच्या खाचेवर, बसेल अशी ईई-१ नावाची वेगळी साइट काढली. निकॉनने २०१८ मध्ये पी-१००० हा प्रचंड झूमचा कॅमेरा आणला, त्याला निकॉनचीच डीएफ-एम१ ही साइट जोडता येते. या वस्तू पक्षी, विमाने, खेळ असे झपाट्याने हलणारे विषय टिपण्यासाठीच काढल्या गेल्या.

आता बाहेरची बाजू. अलीकडे खाडीकाठच्या एका फिरण्याच्या रस्त्यावर मला सुरक्षारक्षकाने अडवले. “मॅडम, लेझर काढा. वरून सांगितलंय, लेझरवाल्या कॅमेऱ्याला सोडायचं नाही.” मी म्हटले, “दादा, हात धरा बघू समोर.” त्याने साइटच्या पुढे वीतभर अंतरावर तळहात धरला. मी ठिपका पूर्ण प्रखर केला. तळहातावर काहीच उमटले नाही. त्याने हात फिरवून पाहिला, मग टोपीची सावली धरून पाहिले. मग मी त्याला मागून बघायला सांगितले. पलीकडच्या कांदळवनातल्या एका वाळक्या फांदीवर ठिपका बसलेला त्याला दिसला. त्याने पुन्हा पुढे येऊन त्या फांदीकडे नुसत्या डोळ्यांनी पाहिले. फांदीवर काही नव्हते. “म्हणजे हे फक्त बघणाऱ्यालाच दिसतं,” तो म्हणाला. मला चार वाक्यांत सांगायला लागले असते ते त्याने एका वाक्यात सांगितले. तरीही त्याने मला साइट काढायला लावलीच, कारण वरून आलेला तोंडी आदेश मोडणे त्याच्या हातात नव्हते. त्याच्यावर माझा राग नाही. आदेश देणाऱ्यांनी मात्र आधी ही वस्तू हातात घेऊन पाहायला हवी होती.

ही तळहाताची परीक्षा कुणालाही करता येते. लेझर असेल तर हातावर ठसठशीत ठिपका पडतो, डॉट साइट असेल तर पडत नाही. अगदी समोरून काचेत डोकावले तर आतल्या एलईडीची मंद लालसर चमक दिसू शकते, पण ती काही अंतरावरच्या वस्तूवर उमटत नाही. परीक्षा हातावर किंवा पांढऱ्या कागदावरच करावी. लेझर आहे का हे बघायला समोरून डोळा लावू नये.

इतके सगळे करून ही साइट लावायचीच कशाला, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर लांब पल्ल्याच्या लेन्समध्ये आहे.

लेन्स जितकी लांब, तितका तिच्यातून दिसणारा तुकडा लहान. फुल-फ्रेम (३६ बाय २४ मिलिमीटर सेन्सरच्या) कॅमेऱ्याला ६०० मिलिमीटरची लेन्स लावली तर १०० मीटरवर तिच्या चौकटीत ६ मीटर रुंद आणि ४ मीटर उंच एवढीच जागा मावते. १२०० मिलिमीटरला ती ३ मीटर बाय २ मीटर होते. मघाशी सांगितलेल्या पी-१०००चा झूम शेवटपर्यंत नेला, म्हणजे ३००० मिलिमीटरच्या तोडीचा, की १०० मीटरवर सव्वा मीटरही रुंदी उरत नाही. पौर्णिमेचा चंद्र ती चौकट वरपासून खालपर्यंत भरून टाकतो. आता यात उडता पक्षी आणायचा. ताशी ५० किलोमीटर वेगाने आडवा जाणारा पक्षी सेकंदाला सुमारे १४ मीटर कापतो. ६ मीटरच्या चौकटीतून तो अर्ध्या सेकंदाच्या आत बाहेर पडतो. गावदेवी मार्केटच्या गर्दीत डोळ्याला कागदाची सुरळी लावून ओळखीचा चेहरा शोधावा, तशी गत होते.

त्यातही फांदीवर बसलेला खंड्या परवडला. खालून बुंधा धरून वर चढत गेले की सापडतो. मोकळ्या आभाळात खुणेला झाड नाही, खांब नाही, सगळीकडे एकच निळा-करडा रंग. शिवाय लेन्स जवळच्या फोकसवर अडकलेली असेल तर पक्षी चौकटीत असूनही दिसत नाही. दिसतो तो धुरकट डाग, आणि तोही आभाळात विरघळलेला. झूम मागे घेऊन पक्षी शोधावा आणि पुन्हा झूम पुढे न्यावा, तर तेवढ्या वेळात तो कोपरखैरणेच्या दिशेने निघून गेलेला असतो.

ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रापासून फ्लेमिंगो बघायला बोट सुटते. कांदळवनाच्या चिंचोळ्या पाण्यातून ती मोठ्या खाडीत येते आणि भरती-ओहोटीचे गणित जमले तर चिखलावर चरणारे थवे दिसतात. त्या बोटीत उभे राहून सुरय पक्षी टिपायचा प्रयत्न करून पाहावा. सुरय पाण्यावरून सावकाश येतो, एका जागी पंख फडफडवत थबकतो, आणि सरळ खाली सूर मारतो. बोट हलते आहे, आपण हलतो आहोत, पक्षी वळतो आहे. व्ह्यूफाइंडरला, म्हणजे कॅमेऱ्याच्या बघायच्या खिडकीला, डोळा लावून त्याला हुडकेपर्यंत पाण्यावर नुसते वर्तुळ उरलेले असते. डॉट साइटने मी दोन्ही डोळे उघडे ठेवून सगळी खाडी बघत असते. सुरय कुठून येतो, त्याच्यामागे कुरव लागला आहे का, तो कुठे थबकणार, हे सगळे दिसत असते. ठिपका त्याच्यावर नेऊन ठेवायचा, फोकसचे बटण दाबायचे आणि पक्ष्याबरोबर अंग फिरवायचे. पक्षी चौकटीत आहे की नाही याचा विचारच करावा लागत नाही. सूर मारून वर येताना तो अंग झटकतो आणि पाण्याचे थेंब चकतीसारखे भोवती फेकले जातात, तो क्षण माझ्या उघड्या डोळ्यांनी मी पाहिला आणि कॅमेऱ्यानेही टिपला. केवळ व्ह्यूफाइंडरवर असते तर दोन्हींपैकी एकच मिळाले असते, बहुधा एकही नाही.

चष्मा लावणाऱ्यांना आणि वय झालेल्यांना याचा विशेष उपयोग आहे. ठिपका दूर दिसत असल्यामुळे जवळचे आणि लांबचे असा डोळ्याचा फोकस बदलावा लागत नाही. लांबचा चष्मा लावला की पक्षी आणि ठिपका दोन्ही स्पष्ट. ज्यांना चष्म्याचा तिरका नंबर, म्हणजे सिलिंड्रिकल, आहे त्यांना चष्म्याशिवाय ठिपका फुटलेल्या ताऱ्यासारखा किंवा स्वल्पविरामासारखा दिसतो. तो साइटचा दोष नाही. चष्मा लावून बघितले की गोल होतो.

ज्यांना ही साइट वापरून बघायची आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण दुकानात हे कुणी सांगत नाही आणि मग “काही उपयोग नाही हो त्याचा” म्हणत लोक ती कपाटात टाकतात. साइट हॉट-शूवर सरकवली म्हणजे काम झाले असे नाही. ती लेन्सशी जुळवावी लागते. कॅमेरा तिपाईवर पक्का करावा. लांबचा एखादा स्थिर, टोकदार बिंदू निवडावा, विजेच्या खांबाचे टोक किंवा गच्चीवरच्या टाकीचा कोपरा. लेन्सच्या चौकटीच्या बरोबर मध्यभागी तो बिंदू आणावा. मग कॅमेऱ्याला धक्का न लावता साइटमधून बघत तिच्या दोन चकत्या फिरवाव्यात. एकीने ठिपका वर-खाली होतो, दुसरीने डावी-उजवीकडे. ठिपका त्याच बिंदूवर बसला की जुळवणी झाली.

पण तो बिंदू किती अंतरावर असावा? इथे माझ्यातली प्रयोगशाळावाली जागी होते. माझ्या कॅमेऱ्यावर साइटची काच लेन्सच्या मध्यापासून सुमारे १० सेंटिमीटर वर आहे. म्हणजे बघण्याची रेषा वरून जाते आणि लेन्सची रेषा खालून, आणि दोन्ही एकाच अंतरावर एकमेकींना छेदतात. मी ती ५० मीटरवर छेदतील अशी जुळवते. मग १०० मीटरवरच्या पक्ष्याला १० सेंटिमीटरचा फरक पडतो. ६ मीटर रुंद चौकटीत तो जाणवतही नाही. उलट १० मीटरवर वेडा राघू तारेवर बसला असेल तर फरक ८ सेंटिमीटरचा आहे. ६०० मिलिमीटरला तिथे चौकट ६० बाय ४० सेंटिमीटरची असते, त्यामुळे राघू मध्याच्या वर, पण चौकटीत येतो. १२०० मिलिमीटरला मात्र चौकट ३० बाय २० होते, आणि ८ सेंटिमीटर म्हणजे राघूचे डोके वरच्या कडेला भिडणार. अशा वेळी ठिपका पक्ष्याच्या किंचित वर धरावा, किंवा सरळ व्ह्यूफाइंडर वापरावा. जवळच्या पक्ष्यासाठी डॉट साइट नाहीच. कांदळवनाच्या दाट फांद्यांत दडलेल्या पक्ष्यासाठीही नाही. तिथे फोकस कुठल्या फांदीवर बसला हे बघावे लागते.

आणखी थोडे. ठिपका हा ढोबळ नेम आहे, म्हणून फोकसचा एकच बारीक बिंदू न ठेवता मधला मोठा भाग निवडावा. लेन्सवर फोकस लिमिटर, म्हणजे फोकसची अंतरमर्यादा ठरवणारे बटण, असेल तर तो लांबवर ठेवावा. पहाटेच्या कमी उजेडात ठिपका मंद करावा, नाहीतर त्याच्या झगमगाटात पक्षीच दिसत नाही. दुपारी उलट. हॉट-शूमध्ये साइट जराशी डुगडुगत असेल तर प्रत्येक वेळी लावल्यावर जुळवणी तपासावी. आणि सूर्याच्या दिशेने लेन्स रोखू नये. साइटमधून बघताना लेन्समधून येणारी सूर्याची तिरीप आपल्या लक्षात येत नाही, पण आतल्या सेन्सरवर ती पडत असतेच.

हे सगळे इतक्या तपशिलाने लिहिण्याचे कारण असे की ही साइट पक्ष्यांच्या विरोधात नाही, त्यांच्या बाजूची आहे. लांबून फोटो जमत नाही, म्हणून माणसे जवळ जायला बघतात. खाडीकाठी पक्ष्यांना त्रास होतो तो या जवळ जाण्याचा. जो लांब उभा राहून, एका जागी थांबून पक्षी टिपू शकतो, त्याला चिखलात उतरायची गरज पडत नाही.

ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडतो तेवढ्याच वेळात फ्लेमिंगोंना चरायचे असते. भरती आली की ते नेरूळ-सीवूड्सकडच्या डीपीएस तलावावर, टी. एस. चाणक्यच्या पाणथळीवर विसाव्याला येतात. दोन्हीकडे त्यांना उठवून उडवले की चरण्याचा वेळ जातो, नाहीतर विश्रांती जाते. उडत्या थव्याचा फोटो हवा म्हणून काठावरून दगड भिरकावणारी माणसे मी पाहिली आहेत. त्यांच्या कॅमेऱ्यावर ना साइट होती ना लेझर, हातात दगड होता. थव्यावरून ड्रोन नेणारे पाहिले आहेत. येऊरच्या जंगलात मोबाइलवर पक्ष्याचा आवाज पुन्हा पुन्हा वाजवून त्याला फांदीवर बोलावणारे पाहिले आहेत. विणीच्या दिवसांत तो बिचारा आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला समजून घरटे सोडून धावत येतो. जप्तीची भाषा करायची असेल तर या मंडळींसाठी करावी.

लेझरविषयीची चीड मी समजू शकते. आपल्या भागात उजेडाचा प्रश्न नवा नाही. २०२४ मध्ये डीपीएस तलावाच्या परिसरात फ्लेमिंगो मेले तेव्हा आसपासच्या प्रखर दिव्यांविषयी बरीच चर्चा झाली होती. तेव्हापासून पक्षी आणि प्रकाश म्हटले की लोकांचे कान टवकारतात, आणि ते योग्यच आहे. लेझर तर विशेष वाईट. पक्ष्यांना शेतातून आणि धावपट्टीवरून हाकलण्यासाठी तो मुद्दाम वापरतात, इतका तो त्यांना भिववतो. डोळ्याच्या पडद्याला इजा करण्याची ताकद त्याच्यात आहे, पक्ष्याच्याही आणि समोर उभ्या मुलाच्याही. आता नवी मुंबईत विमानतळ आहे. तिथे उतरणाऱ्या वैमानिकाच्या डोळ्यांवर लेझर पडला तर काय होईल, हे सांगायला नको.

म्हणून एक सावधगिरीची गोष्ट मीच सांगते. ऑनलाइन बाजारात बंदुकीसाठीच्या काही साइटींमध्ये लाल ठिपक्यासोबत खाली लेझरही जोडलेला असतो. काही हौशी मंडळी अडॅप्टर लावून त्या कॅमेऱ्यावर चढवतात. एक बटण दाबले की डॉट साइट, दुसरे दाबले की लेझर. अशी जोडवस्तू खाडीकाठी आणूच नये, आणि कुणी आणली तर रक्षकाने ती खुशाल अडवावी. पत्रलेखकाने कदाचित अशीच एखादी पाहिली असेल, ही शक्यता मी सोडलेली नाही. पण म्हणून ठिपका दिसणारी प्रत्येक काच गुन्हेगार ठरत नाही. तळहात पुढे धरून अर्ध्या मिनिटात खरे-खोटे करता येते, हे वर सांगितलेच आहे.

माझी विनंती अशी. आपण त्या पत्राखाली किंवा या पत्रासोबत खुलासा छापावा, कारण आपल्या दैनिकाची कात्रणे सोसायट्यांच्या सूचनाफलकांवर आणि व्हॉट्सॲपवर जातात, आणि त्यावरूनच तोंडी आदेश निघतात. आमच्याच एका शेजारच्या सोसायटीने तलावाकाठी ‘लेझर कॅमेऱ्यांना’ बंदी असा कागद लावला आहे. आणि वनखाते, कांदळवन कक्ष, महापालिका यांपैकी जिथे जिथे पाणथळींच्या काठी फलक लावले जातात, तिथे नेमके शब्द वापरावेत. ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला आहे. लांबून, देशभरातून लोक पक्षी बघायला येतात. त्यांना काय चालते आणि काय चालत नाही हे रक्षकाच्या अंदाजावर सोडू नये. फलकाचा मसुदा मी करून देते, त्यात जाणकारांनी हवी ती दुरुस्ती करावी:

“पक्ष्यांवर लेझर, टॉर्च किंवा फ्लॅशचा प्रकाश टाकू नये. ड्रोन उडवू नये. पक्ष्यांचे आवाज वाजवू नयेत. दगड, माती किंवा अन्य काही फेकून थवे उडवू नयेत. काठ सोडून चिखलात उतरू नये. कॅमेरा, दुर्बीण, तिपाई आणि डॉट साइट वापरण्यास हरकत नाही.”

आपली,
एक वाचक आणि पक्षीनिरीक्षक,
ऐरोली, नवी मुंबई